दिमित्री मित्रोपूलोस

दिमित्री मित्रोपूलोस (जन्म : अथेन्स, १ मार्च १८९६, मृत्यू : मिलान, २ नोव्हेंबर १९६०) हे ग्रीक-अमेरिकन वाद्यवृंद संचालक, पियानोवादक व संगीतरचनाकार होते. ऑपेरा या पाश्चात्त्य संगीतनाट्यात गायक आणि वाद्यवृंद यांचा मेळ राखण्याची जबाबदारी संचालकावर असते. मित्रोपूलोस हे काम बहुधा छडीवाचून व स्वरलिपी समोर न ठेवता, केवळ स्मरणाच्या बळावर करीत.

सुरुवातीचे जीवन

तरुणपणी त्यांना मठवासी होण्याची ओढ होती. परंतु ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाच्या उपासनेत वाद्यांना स्थान नसल्याने त्यांनी संगीताचा मार्ग निवडला. १९२० साली अथेन्समध्ये सादर झालेल्या त्यांच्या ऑपेराने फ्रेंच रचनाकार सँ-साँस प्रभावित झाले. पुढील शिक्षण ब्रसेल्स व बर्लिन येथे झाले. बर्लिन स्टेट ऑपेरात त्यांनी साहाय्यक म्हणून उमेदवारी केली. १९३० साली बर्लिनमध्ये प्रोकोफिएव्ह यांची रचना पियानोवर वाजवीत असतानाच त्यांनी वाद्यवृंदाचेही संचालन केले आणि त्यांचे नाव युरोपभर झाले.

कारकीर्द

१९३७ ते १९४९ या काळात ते मिनियापोलिस येथील वाद्यवृंदाचे संचालक होते. १९४६ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९५१ साली न्यू यॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत संचालकपद त्यांच्याकडे आले. १९५४ पासून ते मेट्रोपॉलिटन ऑपेरातही संचालन करू लागले. ७ जानेवारी १९५५ रोजी मॅरियन अँडरसन या तेथे प्रमुख भूमिका गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका ठरल्या. व्हेर्दी यांच्या त्या ऑपेराचे संचालन मित्रोपूलोस यांनी केले. १९५८ साली सॅम्युअल बार्बर यांच्या ‘व्हॅनेसा’चा पहिला प्रयोगही त्यांच्याच संचालनाखाली झाला.

व्यक्तिगत जीवन

मित्रोपूलोस समलिंगी होते व आजन्म अविवाहित राहिले. अमेरिकेतील सर्व राज्यांत तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा मानले जात. त्यामुळे आयुष्याची ही बाजू त्यांनी जाहीरपणे कधी उघड केली नाही. राहणी विरक्ताची होती. मिळकतीचा मोठा भाग ते गरजू संगीतकार व विद्यार्थ्यांना देत. १९५६ साली न्यू यॉर्कच्या वृत्तपत्रांतून फिलहार्मोनिकवर कठोर टीका झाली. १९५८ साली ते पद लिओनार्ड बर्नस्टीन यांच्याकडे गेले. विद्यार्थिदशेत बर्नस्टीन यांना उत्तेजन देणाऱ्यांत मित्रोपूलोस होते.

मृत्यू

मिलानच्या ला स्काला येथे माहलर यांच्या तिसऱ्या सिंफनीची तालीम घेत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. दहनाची इच्छा व्यक्त केलेली असल्याने ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने धार्मिक अंत्यविधी नाकारला. ज्या धर्मसंस्थेत त्यांना मठवासी व्हायचे होते, तिच्या प्रार्थनेवाचूनच त्यांच्या अस्थी अथेन्सला विसावल्या.