मागच्या सीटसाठी मागे गेलेलं इंजिन

स्पोर्ट्स कार म्हटली की दोनच सीट, हे आपलं ठरलेलं गणित. फेरी पोर्शेने ते बदललं.

फेरीचा जन्म 1909 चा, ऑस्ट्रियातला. वडील फर्डिनांड म्हणजे बीटल गाडीचे जनक. महायुद्ध संपल्यावर वडील फ्रान्सच्या तुरुंगात आणि कंपनी ग्म्युंड गावच्या जुन्या लाकूड गिरणीत! दुरुस्तीची, मिळतील ती कामं घेत फेरीने कंपनी तगवली. 1947 मध्ये वडील सुटले.

1948 मध्ये तिथेच पहिली 356 तयार झाली. बीटलचं 1131 सीसीचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. बॅलन्स झकास, पण सीटमागची सगळी जागा इंजिननेच खाल्ली. अशी गाडी विकत कोण घेणार? म्हणून पुढच्या गाड्यांत फेरीने इंजिन अ‍ॅक्सलच्या मागे नेलं. सामान मावलं, दोन छोट्या सीटही बसल्या.

पण फुकट काहीच मिळत नाही. वजन शेपटीला गेलं. वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की मागची बाजू बाहेर फेकली जायची. 1963 च्या 911 मध्येही तोच लेआउट होता. 1968 मध्ये मागची चाकं 57 मिमी मागे सरकवून तोल सुधारला, पण सीट काढल्या नाहीत.

1998 मध्ये फेरी गेला. 911 चं इंजिन मात्र आजही मागेच आहे. ड्रॉइंग शीटवर बेस्ट दिसणारं डिझाईन आणि माणसाच्या उपयोगाचं डिझाईन, यांतलं एक निवडायचं आणि मग त्याचे दोष आयुष्यभर निस्तरायचे. इंजिनिअरिंग म्हणजे तरी दुसरं काय?