हवेची परीक्षा घेणारे हाल्डेन

बालमित्रांनो, विहिरीत उतरण्याआधी जुनी माणसं दोराला कंदील बांधून खाली सोडायची. कंदील विझला, की हवा वाईट. पण कंदील जळत असतानाही हवा माणसाचा जीव घेऊ शकते! हे दाखवून देणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

जॉन स्कॉट हाल्डेन यांचा जन्म २ मे १८६० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. ते डॉक्टर झाले; पण दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी हवेचा अभ्यास केला.

१८९६ साली वेल्समधील एका कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं दगावली. हाल्डेन स्वतः तिथे गेले. त्यांना आढळलं, की बहुतेकांचा जीव स्फोटाने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गेला होता. अर्धवट जळणातून हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने दिवाही विझत नाही. त्याचा परिणाम कळावा म्हणून हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगून पाहिला! छोट्या जिवांना तो लवकर बाधतो, म्हणून खाणीत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा, असं त्यांनी सुचवलं. पक्षी कोलमडला, की माणसं लगेच बाहेर पडत.

लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याच वर्षी आपल्या बोरघाटातून, २५ बोगद्यांमधून, आगगाडी धावू लागली. दोन्हीकडे कोळशाची इंजिनं. बोगद्यात शिरलं, की धूरच धूर! १८९७ साली लंडनच्या बोगद्यांतील हवा तपासणाऱ्या समितीत हाल्डेन होते. तिथे १९०५ साली विजेच्या गाड्या आल्या. बोरघाटातही १९३० पर्यंत वीज आली आणि धूर गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या बोगद्यांत छताला मोठाले पंखे आहेत. ते गाड्यांचा धूर बाहेर ढकलतात.

हाल्डेन १९३६ साली वारले. त्यांचा मुलगाही मोठा शास्त्रज्ञ झाला. तो पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

मित्रांनो, आणि वाचायला आलेल्या आईवडिलांनो, एवढं ध्यानात ठेवा. विहिरीत डिझेल इंजिन चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल, तर कंदिलावर भरवसा ठेवून खाली उतरू नका. कुणी खाली बेशुद्ध पडलं, तरी एकट्याने मागोमाग उडी घेऊ नका. आधी माणसं बोलवा.

जिवावर उदार होऊन हवेची परीक्षा घेणाऱ्या या शास्त्रज्ञाला आमचे वंदन!