कुसळांच्या मागे गेलेला माणूस

माझं माहेर दौंडचं, सासर शिरूरचं. दोन्हीकडे पाऊस कमी, माळ जास्त. बचत गटाच्या कामाला वस्तीवर जाऊन आलं की साडीच्या काठातली कुसळं वेचत बसायचं, हे ठरलेलंच. मैत्रिणींनो, हे कुसळ म्हणजे गवताचं बी, आणि आपण त्याला फुकटात गावभर फिरवतो! हे माझ्या ध्यानात आलं ते डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांविषयी वाचताना.

आघारकर मालवणचे, जन्म १८८४ चा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना साताऱ्याकडच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. त्याचे भाऊबंद तोवर आफ्रिकेतच माहीत होते. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक नेमलं आणि अभ्यासासाठी जर्मनीला धाडलं. तेवढ्यात १९१४ चं महायुद्ध पेटलं. इंग्रजी राज्यातला माणूस म्हणजे शत्रूच, म्हणून त्यांना तिथे स्थानबद्ध केलं. तरी त्यांनी बर्लिनची पीएच.डी. मिळवलीच. विषय काय, तर वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या नि खारवट जमिनीवरच्या वनस्पती आल्या कुठून आणि त्यांच्या बिया पसरतात कशा! धो धो पावसातल्या कोकणी माणसाने हे निवडावं, याचं मला फार नवल वाटतं.

आपल्याकडेच बघा. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडते, गोखरू चपलेत रुततो, कुसळ मेंढीच्या लोकरीत अडकतं, बोराची बी पाखरं नेतात. कुठल्या माळावर कोण कोण एकत्र नांदणार, हे अशा प्रवासावरही ठरतं. आमच्या गटाने एकदा एक माळ ओसाड समजून तिथे खड्डे घेऊन बाहेरची रोपं लावली. रोपं जळाली, गवत गेलं, आणि मेंढरं राखणाऱ्या बायकांनी आम्हाला चांगलं सुनावलं. बरोबरच होतं त्यांचं. ओसाड हा शब्द मी आता जपून वापरते.

कलकत्त्याहून निवृत्त झाल्यावर आघारकरांनी १९४६ पासून पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. १९६० मध्ये ते गेले. १९९२ मध्ये संस्थेला त्यांचंच नाव दिलं गेलं. दौंडला भावाकडे गव्हाच्या बियाण्यावर ‘एमएसीएस’ लिहिलेलं असतं. ती या संस्थेच्या इंग्रजी नावाची अक्षरं. वहिनीला सांगितलं, तर तिला इतकी वर्षं ती कुठली तरी कंपनी वाटत होती.