ताटातले निदान

आरोग्य केंद्रातून गर्भार बायांना जी लाल गोळी फुकट मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यातच ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असते. या अर्ध्या मिलिग्रॅमचा माग प्रथम लागला तो आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. तो काढणाऱ्या बाईंचे नाव डॉ. ल्युसी विल्स.

बाईंचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. वैद्यकाकडे वळल्या त्या उशिराच. डॉक्टर झाल्या १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलची प्रयोगशाळा पत्करली.

त्या काळी मुंबईत बाळंतपणात बायका फार दगावत. त्याच्या चौकशीचे काम निघाले आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या सांगण्यावरून १९२८ साली विल्सबाई मुंबईत आल्या. इस्पितळात दाखल होणाऱ्या कित्येक गर्भवतींचे रक्त पार पांढरे पडलेले असे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे तर तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने थोड्या. गिरणगावातल्या गरीब बायकांत हा आजार विशेष होता. सुखवस्तू घरांत तो क्वचितच दिसे.

बाई खाटेपाशीच थांबल्या नाहीत. डॉ. एस. एन. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली; ती १९३० साली प्रसिद्ध झाली. कोण काय खाते, भाजी-फळे किती, दूध किती, याची ती खतावणीच होती. माझा जन्म खतावण्यांत गेला, म्हणून मला या पाहणीचे मोल विशेष वाटते. आजारी बायकांच्या ताटात पालेभाज्या आणि फळे जवळजवळ नव्हतीच.

अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका रक्तक्षयावर काळीज खाऊ घालण्याचा उपाय अमेरिकेत १९२६ साली निघाला होता. तो इथेही लागू पडे, पण गिरणीकामगाराच्या बायकोला तो परवडणार कसा? बाई स्वस्त उपायाच्या शोधात होत्या. उंदरांवरच्या प्रयोगांनी त्यांना चकवलेही. उंदरांचा रक्तक्षय आहारापेक्षा उवांतून आलेल्या जंतूंचा निघाला. बाईंनी ते लपवले नाही. अखेर गुण आला तो खमिराच्या अर्काने. इंग्लंडात पावाला लावून खातात ते मार्माइट त्यांनी रुग्णांना दिले आणि बायकांचे रक्त भरून येऊ लागले. हे निष्कर्ष १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले.

पुढे आणखी एक गोष्ट उलगडली. काळजाचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना उपयोगी पडेना, साधा कच्चा अर्क मात्र पडे. म्हणजे शुद्ध करताना काही तरी गळत होते. त्या निनावी द्रव्याला विल्स घटक म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून काढलेल्या एका द्रव्याला पानाच्या लॅटिन नावावरून फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले, १९४५ साली अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते कृत्रिमरीत्या तयार केले आणि विल्सबाईंचा घटक तो हाच, हे स्पष्ट झाले.

बाई १९४७ साली निवृत्त झाल्या. लग्न त्यांनी केले नाही. उतारवयात त्या चेल्सीच्या नगरसेविका होत्या. १९६४ साली त्या वारल्या. गर्भारपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास बाळाच्या मज्जारज्जूतले व्यंग बहुतांशी टळते, हे १९९१ साली सिद्ध झाले. ते पाहायला त्या नव्हत्या.

मला हे चरित्र आठवते ते जव्हारमुळे. बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे तिथे काढली. जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी १९९२ साली बालमृत्यूंमुळे राज्यभर माहीत झाले. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, पालघर वेगळा झाला २०१४ साली. पावसाळ्यात तिथे रानात टाकळा, कुर्डू, शेवळे असे बरेच काही मिळते. दिवाळी उलटली की शाखेतली गर्दी ओसरे, कारण घरेच्या घरे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जात. त्यात पोटुशा बायकाही असत. भट्टीवर रान नसते. भाजी विकत घ्यावी लागते, आणि मजुरीतून आधी उचल फिटते.

गोळी आता सरकार देते. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळचे चौरस जेवणही आहे; विल्सबाईंच्या खतावणीला साजेशी अशी ही योजना. पण अंगणवाडी गावात, आणि बाई भट्टीवर. तिचे ताट तिच्यामागून भट्टीपर्यंत गेले पाहिजे. नव्वद वर्षांपूर्वी गिरणगावातल्या बाईचा आजार एका परकीय डॉक्टरीणबाईने तिच्या ताटात शोधला होता. भट्टीवरचे ताट पाहायला तर आपल्याला समुद्रही ओलांडायचा नाही.