लेआँ फूको

झां बेर्नार लेआँ फूको (१८ सप्टेंबर १८१९ – ११ फेब्रुवारी १८६८) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ होते. आकाशाकडे न पाहता पृथ्वीचे परिवलन दाखवून देणारा लंबक आणि घूर्णी म्हणजेच जायरोस्कोप यांसाठी ते ओळखले जातात. आधुनिक विमानांतील जडत्वीय मार्गनिर्देशन प्रणालीचे मूळ त्यांच्या या कार्यात आहे.

जीवन

फूको यांचा जन्म पॅरिस येथे झाला. त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले. परंतु रक्त पाहणे सहन होत नसल्याने ते सोडून दिले. पुढे वृत्तपत्रात विज्ञानविषयक लेखन करीत त्यांनी घरीच प्रयोग चालू ठेवले. प्रकाशाचा वेग हवेपेक्षा पाण्यात कमी असतो, हे त्यांनी १८५० मध्ये सिद्ध केले.

लंबक

१८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या वास्तूत त्यांनी ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅम वजनाचा गोळा टांगला. लंबकाच्या आंदोलनाची दिशा हळूहळू वळताना लोकांनी पाहिली. वस्तुतः लंबकाखालची भूमी फिरत होती. वळण्याचा हा वेग अक्षांशावर अवलंबून असतो. पॅरिसमध्ये तो तासाला सुमारे ११.३ अंश असतो, धाराशिव (सुमारे १८.२° उत्तर) येथे असा लंबक टांगल्यास तो सुमारे ४.७ अंश भरेल. विषुववृत्तावर लंबक वळतच नाही.

घूर्णी

ही मर्यादा दूर करण्यासाठी फूको यांनी १८५२ मध्ये घूर्णी तयार केली. कड्यांच्या चौकटीत मुक्तपणे वेगाने फिरणारे चाक आपल्या अक्षाची दिशा सोडत नाही. चाक काही मिनिटेच फिरत असे. तेवढ्यात अक्षाचे सूक्ष्म विचलन त्यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपले. अशा उपकरणाने उत्तर दिशा व अक्षांश समजू शकतात, हेही त्यांनी ओळखले होते. १८५५ मध्ये त्यांना कॉप्ली पदक मिळाले. फ्रेंच विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मात्र १८६५ मध्ये लाभले. तीनच वर्षांनी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

विमानविद्येतील महत्त्व

जडत्वीय प्रणालीत घूर्णी दिशा राखतात व त्वरणमापक त्वरण मोजतात. त्यावरून वेग आणि कापलेले अंतर काढले जाते. त्यासाठी बाहेरील संदेशाची गरज नसते, मात्र लहान चुका साचत जातात. आता चाकाऐवजी लेसर किरण वापरले जातात. तरीही उड्डाणापूर्वी विमान काही मिनिटे स्थिर ठेवावे लागते. त्या वेळात ही प्रणाली पृथ्वीच्या परिवलनावरूनच उत्तर दिशा शोधते.