सरकारी प्राचार्यपद सोडलं आणि शाळा अंगणात नेली : ताराबाई मोडक यांची गोष्ट

कसारा लोकलला खर्डीनंतर उंबरमाळी लागतं. शहापूर तालुक्यातलं छोटं स्टेशन, आजूबाजूला डोंगर, पाडे आणि पाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा. शहापूर असो की शेजारचा मुरबाड, इथल्या शिक्षकांशी बोलायला बसलात तर दोन प्रकारच्या तक्रारी ऐकायला मिळतात.

पहिली तक्रार वरच्यांबद्दलची. माहिती भरा, फोटो पाठवा, पोषण आहाराचा हिशोब ठेवा, मतदार यादीचं काम करा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकांना लावता येत नाही. पण ही तीन कामंही काही लहान नाहीत.

दुसरी तक्रार समोरच्यांबद्दलची. मुलं शाळेत येत नाहीत, पालकांना पडलेली नाही, दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघून जातात आणि वर्ग अर्धा रिकामा होतो.

या दोन्ही तक्रारी आपण एकाच पिशवीत टाकतो. मग एक बाजू म्हणते की शिक्षक नुसते रडतात, दुसरी बाजू म्हणते की शिक्षकांचे हाल कुणी बघत नाही. पण या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. हे ज्यांच्या आयुष्यावरून नीट समजतं, त्या बाई याच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, डहाणू तालुक्यात काम करून गेल्या. (डहाणू पालघर जिल्ह्यात गेलं ते 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधी उंबरमाळी आणि डहाणू एकाच जिल्ह्यात होते.)

त्यांचं नाव ताराबाई मोडक.

हातात होतं ते सगळ्यांना हवं असणारं पद

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईचा. माहेरचं आडनाव केळकर. आईवडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीने शिकावं यात घरात काही वावगं नव्हतं. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर मराठी बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं, मुलगी झाली. पण संसार टिकला नाही. 1921 च्या सुमारास ताराबाई लहान मुलीला घेऊन वेगळ्या झाल्या आणि राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजमध्ये, म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजमध्ये, त्यांना प्राचार्यपद मिळालं. त्या जागेवर आलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई.

शंभर वर्षांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी मूल असलेल्या बाईला सरकारी नोकरी, नियमित पगार आणि प्राचार्यांचा मान. याहून चांगलं काय हवं, असंच कुणीही म्हटलं असतं. आज एखाद्या शिक्षकाने अशी नोकरी सोडतो म्हटलं, तर घरचे त्याला आधी डॉक्टरकडे नेतील.

ताराबाईंनी ती सोडली. जेमतेम दोन वर्षांत.

मग सोडून गेल्या कुठे?

राजकोटपासून भावनगर फार लांब नाही. तिथे दक्षिणामूर्ती नावाची संस्था होती आणि 1920 पासून तिथे गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्यांच्या हाती माँटेसरीबाईंचं पुस्तक आलं आणि वकिली मागे पडली. मुलांना मारायचं नाही, भीती घालायची नाही, हाताने काम करत आणि गोष्टी ऐकत त्यांना शिकू द्यायचं, हा त्यांचा प्रयोग. छडी लागे छमछमच्या त्या दिवसांत हे अगदीच वेगळं होतं.

ताराबाई 1923 मध्ये प्राचार्यपदाचा राजीनामा देऊन या प्रयोगात सामील झाल्या. पदाने ही पायरी खालची होती. पण फरक बघा. सरकारी कॉलेजात नेमून दिलेली चौकट चालवायची होती. भावनगरला रोज सकाळी मुलं समोर येत होती आणि काल ठरवलेलं चुकलं तर आज ते बदलता येत होतं.

त्या तिथे नऊ वर्षं राहिल्या. 1926 मध्ये गिजुभाईंसोबत नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. बालशिक्षणाला वाहिलेली गुजराती शिक्षणपत्रिका निघत होती, ताराबाईंनी पुढे ती मराठीतही आणली. 1936 मध्ये मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. तिथे मराठी मुलांसाठी बालमंदिर तर होतंच, शिवाय बालशिक्षिकांचं प्रशिक्षणही सुरू झालं.

समाधान आणि नाराजी हे दोन वेगळे काटे

इथे ताराबाईंची गोष्ट क्षणभर थांबवू आणि एक उपयोगी विचार बघू.

1959 मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत एक पुस्तक काढलं. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे 200 इंजिनीअर आणि अकाउंटंट लोकांना त्यांनी विचारलं होतं की नोकरीत तुम्हाला सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी.

आपल्याला वाटतं की एकाच गोष्टीची ही दोन टोकं असतील. पगार वाढला की छान, पगार अडला की वाईट. पण उत्तरं तशी आली नाहीत. वाईट आठवणींत साहेब, ऑफिसचे नियम आणि कामाची परिस्थिती या गोष्टी जास्त होत्या. छान आठवणींत स्वतः केलेलं काम, त्यातलं यश, मिळालेली जबाबदारी आणि ओळख हे जास्त होतं.

म्हणजे समाधान आणि नाराजी हा एकच काटा नाही, दोन आहेत. पगार वेळेवर झाला तर नाराजी कमी होते, पण तेवढ्याने समाधान येत नाही. आणि काम कितीही आवडीचं असलं, तरी अडलेल्या पगाराची नाराजी त्याने भरून निघत नाही. हर्झबर्गच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, तरी शिक्षकांच्या बाबतीत ती विचार करायला लावते.

राजकोटला ताराबाईंकडे नाराज व्हावं असं फारसं काही नव्हतं. पण हवं ते काम भावनगरला होतं. त्या तिकडे गेल्या.

53 व्या वर्षी बोर्डी

दादरचं शिशुविहार चांगलं चाललं होतं. पण तिथे येत होती ती मध्यमवर्गाची मुलं. फी परवडणाऱ्या घरातली, पायात चपला असलेली. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला हे शिक्षण कसं मिळणार, हा प्रश्न तसाच होता.

डिसेंबर 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा त्या 53 वर्षांच्या होत्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या शिक्षिका. त्याही पक्की नोकरी सोडूनच आल्या.

काळ साधा नव्हता. त्याच वर्षी डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातले वारली आदिवासी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्यभर सावकाराकडे राबणारी माणसं होती ती. त्यांच्या मुलांसाठी शाळा ही फार लांबची गोष्ट होती.

बोर्डीत बालवाडी उघडली आणि व्हायचं तेच झालं. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती वस्तीवरची मुलं आलीच नाहीत.

उंबरमाळीच्या शाळेतल्या दुसऱ्या तक्रारीशी हे अगदी जुळतं. मुलं येत नाहीत.

तक्रारीतून निघालेली अंगणवाडी

इथे ताराबाईंनी जे केलं, त्यासाठीच त्यांची आठवण ठेवायला हवी. मुलं येत नाहीत, हा दोष त्यांनी पालकांच्या माथी मारला नाही. ती त्यांनी शाळेबद्दलची माहिती मानली. मूल येत नसेल तर आपली वेळ, आपली जागा किंवा आपली पद्धत त्याच्या आयुष्यात बसत नाही, असा त्याचा अर्थ लावला.

मग एकेक कारण शोधून त्यावर एकेक उत्तर काढलं.

- मुलं शाळेपर्यंत येत नाहीत? शाळा वस्तीत गेली. हरिजनवाड्यातल्या अंगणात मुलं जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर रुळलेला हा शब्द असा जन्माला आला.
- माँटेसरीचं साहित्य महाग? शिंपले, बिया, पानं, माती, काड्या. परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतूनच मोजणं, रंग आणि आकार शिकवायचे.
- मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात? 1957 मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ही विकासवाडी. ताईने धाकट्याला काखेत घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं.
- मुलं गुरं चारायला जातात? मग शाळा कुरणावर. गुरं चरत राहतील, तेवढ्या वेळात मुलं शिकतील. ही कुरणशाळा.

या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक तक्रार आहे आणि शेवटी एक बदललेली शाळा. मधे आहे ती शाळा बदलण्याची मोकळीक. ताराबाई आणि अनुताईंकडे ती होती, कारण केंद्र त्यांचं होतं. कुरणावर वर्ग भरवायला त्यांना वरून आदेशाची वाट बघावी लागत नव्हती.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 ला त्या गेल्या. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे नेलं, 1992 मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत.

या गोष्टीचा गैरवापरही होतो

ताराबाईंसारख्या माणसांच्या गोष्टी शिक्षक दिनाला सांगितल्या जातात आणि त्यातून एक सोपा उपदेश काढला जातो. बघा, त्यांनी कधी पगाराचं बोललं नाही, तुम्हीच का बोलता?

हा उपदेश चुकीचा आहे. त्याचा सगळ्यात मोठा पुरावा ताराबाईंच्याच शब्दापाशी मिळतो.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी सरकारी व्यवस्थेत आली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पण तिथे काम करणाऱ्या बाईला सरकार कर्मचारी म्हणत नाही, मानसेवी म्हणतं. तिला मिळतं ते वेतन नसतं, मानधन असतं. ताराबाईंनी स्वतःहून निवडलेली सेवा या बायकांवर नियम म्हणून लादली गेली.

म्हणून त्यांनी तक्रार केली. मोर्चे काढले, संप केले. कोर्टात गेल्या. 25 एप्रिल 2022 ला सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. तक्रार केली नसती तर हा निकाल आलाच नसता.

ताराबाईंनी पद सोडलं ते स्वतःच्या मर्जीने. दुसऱ्याला त्यागाची सक्ती करायला त्यांचं नाव वापरता येत नाही.

मग उंबरमाळीच्या शिक्षकाने काय घ्यायचं?

दोन तक्रारी दोन वेगळ्या पत्त्यांवर पाठवायच्या, एवढंच.

पगार, बदली, रिकामी पदं, अशैक्षणिक कामं ही तक्रार वर जायला हवी. संघटनेकडून, लेखी, सतत. ती केल्याने शिक्षक कमी निष्ठावान ठरत नाही.

मुलं येत नाहीत ही तक्रार मात्र शाळेच्या दिशेने वळवायची. वीटभट्टीवर गेलेलं मूल परत येईपर्यंत थांबायचं की काही करायचं? ठाणे-पालघर पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. कुरणशाळेचंच हे पुढचं रूप. अंगणातून कुरणावर, कुरणावरून भट्टीवर.

आणि अधिकाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. शिक्षकाने शाळा बदलावी असं वाटत असेल, तर त्याला बदलायची मुभा आणि वेळ द्यावा लागेल. दिवसभर माहिती भरणाऱ्या माणसाकडून कुरणशाळा निघत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्याकडे तक्रार तेवढी उरते.