विश्लेषण : घरगुती साबणामागचं गणित कुणी सोडवलं? १०२ वर्षं जगलेल्या शेव्रल यांची गोष्ट

घरी साबण बनवण्याचे व्हिडीओ सध्या मोबाइलवर सर्रास दिसतात. खोबरेल तेल, कडुनिंबाचा पाला, हळद, कोरफडीचा गर आणि वर ‘केमिकल फ्री’चा शिक्का. पण तेलात कॉस्टिक सोडा मिसळल्यावर भांड्यात नेमकं काय घडतं? एका तेलाऐवजी दुसरं घेतलं तर प्रमाण का बदलावं लागतं? या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्या कामातून मिळाली, त्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं नाव मिशेल यूजेन शेव्रल. त्यांनी काय शोधलं आणि घरी साबण करणाऱ्यांना ते आजही का उपयोगी आहे, ते समजून घेऊ.

शेव्रल कोण होते?

शेव्रल यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७८६ रोजी पश्चिम फ्रान्समधल्या आंजे शहरात झाला. वडील डॉक्टर होते. शेव्रल तीन वर्षांचे होण्याआधीच फ्रेंच राज्यक्रांतीला सुरुवात झाली, त्यामुळे त्यांचं बालपण धामधुमीत गेलं. १८०३ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी ते रसायनशास्त्र शिकायला पॅरिसला आले. क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध लावणाऱ्या व्होकलाँ यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम मिळालं. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी निळीसारख्या वनस्पतीजन्य रंगांचा अभ्यास केला. साबणाकडे ते वळले ते त्यानंतर.

तेव्हा साबण कसा बनत होता?

साबण बनवणं हा तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा होता. दक्षिण फ्रान्समधल्या मार्सेय शहरात ऑलिव्ह तेल आणि किनाऱ्यावरच्या खारट वनस्पतींच्या राखेतला सोडा वापरून कडक साबण होई. लाकडाच्या राखेतलं पोटॅश वापरलं की साबण मऊ राही. निकोला लब्लां यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे ही पद्धत पसरली आणि सोडा स्वस्त होत गेला.

पण साबण म्हणजे नेमकं काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. चरबी आणि अल्कली एकमेकांना चिकटून साबण होतो, असा समज होता. घाणा जमला की नाही, हे कारागीर नजरेने, बोटाने, प्रसंगी जिभेवर चव घेऊन ठरवत. चुकला तर का चुकला, हे सांगता येत नसे.

शेव्रल यांना काय सापडलं?

१८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून बनवलेल्या मऊ साबणाचा एक नमुना शेव्रल यांच्याकडे तपासणीसाठी आला. त्यांनी तो भरपूर पाण्यात टाकला, तेव्हा तळाशी मोत्यासारखा चमकणारा पदार्थ बसला. त्यावर आम्लाची क्रिया केल्यावर त्यातून चरबीसारखाच दिसणारा, पण आम्लधर्मी पदार्थ वेगळा झाला. म्हणजे साबणातून मूळ चरबी परत मिळालीच नाही, मिळालं ते वेगळंच काहीतरी.

या पदार्थाला त्यांनी मोत्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं. मार्गारिन हा आजचा ओळखीचा शब्द त्याच मुळातून आला आहे. तो पदार्थ एक नसून मिश्रण होतं, हे पुढच्या काळात लक्षात आलं. पण मुख्य मुद्दा बरोबर निघाला. शेव्रल यांनी दाखवून दिलं, की अल्कली चरबीला चिकटत नाही, तर तिचे तुकडे करते. एक भाग मेदाम्लांचा आणि दुसरा गोडसर, दाट द्रवाचा. हा द्रव स्वीडिश शास्त्रज्ञ शील यांना आधीच सापडला होता. शेव्रल यांनी त्याला ग्लिसरीन हे नाव दिलं. मेदाम्लं अल्कलीशी जोडली जाऊन जो क्षार तयार होतो, तोच साबण.

यानंतर दहाएक वर्षं ते एकामागून एक चरबी तपासत राहिले. पदार्थ शुद्ध झाला की नाही हे ठरवायला त्यांनी वितळण्याच्या तापमानाचा आधार घेतला. पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही ते तापमान बदललं नाही, तरच पदार्थ शुद्ध मानायचा. हे सगळं काम १८२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालं.

घरच्या भांड्यात याचा काय संबंध?

प्रत्येक तेलातली मेदाम्लं वेगळी असतात, म्हणून प्रत्येकाला लागणारा सोडाही वेगळा. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचं पूर्ण साबण व्हायला साधारण १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेंगदाणा, तीळ किंवा ऑलिव्ह तेलाला साधारण १३.५ ग्रॅम पुरतो. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांच्या साखळ्या आखूड असतात. त्यामुळे तेवढ्याच वजनात त्यांची संख्या जास्त भरते.

आता हिशेब करा. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाच्या कृतीत सुमारे ८७ ग्रॅम सोडा सांगितलेला असतो. थोडं तेल शिल्लक राहावं म्हणून तो ५ टक्के कमीच धरतात. खोबरेल संपलं म्हणून तुम्ही तेवढंच शेंगदाणा तेल घेतलं आणि सोडा मात्र तेवढाच ठेवला, तर जवळपास २० ग्रॅम सोडा न वापरता तसाच उरतो. हा साबण त्वचेला जाळू शकतो. म्हणून वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही, डिजिटल वजनकाटाच हवा.

बाकीची काळजीही यातूनच येते. सोडा नेहमी पाण्यात थोडाथोडा टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. मिश्रण एकदम तापतं आणि उसळतं. भांडं स्टीलचं घ्यावं. ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी सोड्याची क्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, खिडकी उघडी हवी आणि मुलं त्या खोलीत नकोत. सोडा अंगावर उडाला तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावं. डोळ्यात गेला तर धुण्यासोबतच तातडीने डॉक्टर गाठावा. वड्या पाडल्यावर साबण ४ ते ६ आठवडे हवेशीर जागी ठेवतात. तेवढ्यात पाणी उडतं आणि वडी टणक होते. मात्र चुकून जास्त पडलेला सोडा नुसता साबण ठेवून दिल्याने सुधारेल, असं धरून चालू नये.

‘केमिकल फ्री’ साबण असतो का?

नाही. सोडा किंवा पोटॅशशिवाय साबण होत नाही. बाजारात मिळणारा तयार साबण-बेस वितळवून साच्यात ओतला, तर सोडा हाताळावा लागत नाही. पण ती क्रिया कारखान्यात आधीच झालेली असते. प्रमाण बरोबर असेल तर तयार साबणात मोकळा सोडा उरत नाही. त्यामुळे घरगुती साबणाला घाबरण्याचं कारण नाही आणि तो रसायनमुक्त आहे असं म्हणण्यातही अर्थ नाही.

साबण मुळातच अल्कधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. कोरड्या त्वचेला साबणाने ओढल्यासारखं वाटतं, त्यामागचं हे एक कारण. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस वेगळा. तो वनस्पतीतल्या सॅपोनिनमुळे येतो, तिथे तेल आणि सोड्याची क्रिया नसते.

बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, याचं उत्तरही मेदाम्लांतच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम मेदाम्लांना पकडतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढरट थर तोच.

साबणानंतर शेव्रल यांनी काय केलं?

पित्ताशयातल्या खड्यांमध्ये मिळणाऱ्या एका पदार्थाचं अल्कली घालूनही साबण होत नाही, हे शेव्रल यांनी दाखवलं आणि त्याला नाव दिलं. आज रक्ततपासणीच्या अहवालात आपण वाचतो ते कोलेस्टेरॉल हेच. १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासोबत त्यांनी मेदाम्लांपासून मेणबत्ती बनवण्याचं पेटंट घेतलं. चरबीच्या जुन्या मेणबत्त्या धूर आणि वास सोडत, ही स्वच्छ जळे. त्यांना स्वतःला त्या धंद्यात यश आलं नाही, पण पुढे इतरांनी तो यशस्वी केला.

१८२४ पासून ते पॅरिसच्या गोबलाँ या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काही रंग फिके दिसतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगाचा नसून शेजारच्या रंगाचा आहे, हे त्यांनी सिद्ध केलं. यावरचा त्यांचा १८३९ चा ग्रंथ चित्रकारांनाही मार्गदर्शक ठरला.

लोलकाचा प्रयोग काय होता?

हातात धरलेला लोलक काही पदार्थांवर आपोआप झुलतो, असा त्या काळी दावा होता. शेव्रल यांनी स्वतः करून पाहिलं आणि लोलक खरंच झुलला. मग त्यांनी डोळ्यांवर पट्टी बांधली. खाली काय आहे हे कळेनासं झालं, तसा परिणामही नाहीसा झाला. नकळत हात हलत होता. हे त्यांनी १८३३ मध्ये अँपिअर यांना लिहिलेल्या पत्रात मांडलं.

नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांना हीच कसोटी लावता येते. लेप लावल्यावर फरक वाटतो, पण तो लेपाचा की अपेक्षेचा? नवा लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून दोन दिवस पाहावं. लिंबाचा रस थेट चेहऱ्यावर लावणं टाळावं. तो तीव्र आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून काळे डाग पडू शकतात. पदार्थ स्वयंपाकघरातला आहे म्हणून त्वचेला चालेलच असं नाही.

अखेरची वर्षं कशी होती?

१८६४ मध्ये ते पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले. १८७०-७१ च्या वेढ्यात प्रशियाचे तोफगोळे संग्रहालयावर पडले, तेव्हाही ८४ वर्षांचे शेव्रल पॅरिसमध्येच होते. संचालकपद त्यांनी १८७९ मध्ये सोडलं, अभ्यास सोडला नाही. ते स्वतःला फ्रान्समधला सर्वांत वडीलधारा विद्यार्थी म्हणवून घेत. १८८६ मध्ये त्यांची शंभरी देशभर साजरी झाली. त्या वेळी छायाचित्रकार नादार यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि बोलत असतानाच त्यांची छायाचित्रं काढली गेली. छायाचित्रांसह झालेल्या सुरुवातीच्या मुलाखतींमध्ये तिची गणना होते.

३१ मार्च १८८९ रोजी आयफेल टॉवर पूर्ण झाला. त्यावर कोरलेल्या ७२ नावांत शेव्रल यांचंही नाव आहे. त्यानंतर नऊ दिवसांनी, ९ एप्रिलला, वयाच्या १०२व्या वर्षी त्यांचं निधन झालं. आज घरी साबण करताना तेलाचं नाव आणि वजन टाकून सोड्याचा आकडा काढून देणारी जी ॲप वापरली जातात, त्यांच्यामागचं रसायनशास्त्र शेव्रल यांच्या प्रयोगशाळेत सुरू झालेलं आहे. तेल बदललं की तो हिशेब नव्याने करायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतील.